सांचीचा स्तूप सावकाश पाहायचा तर: दीड दिवसाचा क्रम, टप्प्याटप्प्यानं

आईला पहिल्यांदा सांचीला नेलं तेव्हा तिनं मोठ्या स्तूपाभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि मला विचारलं, "आत जायचं दार कुठं आहे?" आमचं घर नागपूरचं. स्तूप म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे दीक्षाभूमी येते. चारही दिशांना दारं, आत गार फरशीचं सभागृह, मधोमध बुद्धमूर्ती. तो घुमट सांचीच्या धर्तीवरच बांधला आहे आणि व्यासही तेवढाच, १२० फूट. पण दीक्षाभूमी आतून पोकळ आहे आणि सांचीचा स्तूप आतपर्यंत भरीव. विटा, दगड, आणि त्यावर पुन्हा दगड. तिथं दार नाही, गाभारा नाही.

आईसारखेच कितीतरी लोक टेकडीवर एक फेरी मारतात, तोरणाखाली फोटो काढतात आणि तासाभरात खाली उतरतात. मीही पहिल्या खेपेला तेच केलं होतं. सोबतच्या गाडीवाल्याला परत भोपाळ गाठायचं होतं. नंतर चार वेळा गेले आणि प्रत्येक वेळी क्रम थोडा बदलला. शेवटी जो मनासारखा बसला तो इथं लिहिते आहे. वंदनेला जाणाऱ्यांनाही तो चालेल आणि निव्वळ शिल्पं बघायला जाणाऱ्यांनाही. माझ्या मते या दोन गोष्टी सांचीत वेगळ्या काढताच येत नाहीत. प्रदक्षिणा घालणाऱ्याच्या पावलांच्या गतीनं बघता यावीत म्हणूनच ही शिल्पं तिथं कोरली आहेत.

आधी दिवस ठरवा

एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ एवढा वेळ काढा, आणि मुक्काम सांचीतच करा. याचं कारण ऊन आहे. पूर्वेच्या तोरणाचा दर्शनी भाग सकाळी उजळतो, पश्चिमेचा दुपार कलल्यावर. तोरणांवरचं कोरीव काम उथळ आणि गच्च आहे, त्यामुळे भर दुपारी डोक्यावरच्या उन्हात माणसं, झाडं, हत्ती सगळं एकमेकांत मिसळून जातं. तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक आकृतीला स्वतःची सावली मिळते. भोपाळहून सकाळी निघून दुपारी बाराला पोचणाऱ्या माणसाला म्हणूनच सर्वांत कमी दिसतं.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते आणि गर्दी नसते, पण दगड निसरडे होतात. बुद्ध पौर्णिमेला जायची ओढ अनेकांना असते, मलाही आहे. पण ती बहुधा मे महिन्यात येते, आणि माळव्याच्या मेमध्ये सकाळी दहानंतर त्या फरसबंदीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. त्या दिवशी जायचंच असेल तर पहाटेचा वेळ धरा आणि जाड मोजे सोबत घ्या.

श्रद्धेनं जाणाऱ्यांसाठी वर्षातला खरा दिवस नोव्हेंबरच्या अखेरीस येतो. टेकडीवरच्या चेतियगिरी विहारात सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धांच्या दोन अग्रश्रावकांच्या, म्हणजे प्रमुख शिष्यांच्या, अस्थी आहेत. एरवी त्या तळघरात कुलूपबंद असतात. वार्षिक उत्सवात त्या दर्शनासाठी बाहेर काढतात. श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम आणि आपल्याकडून विदर्भ-मराठवाड्यातून माणसं येतात. त्या दिवसांत सांचीत खोली मिळणं कठीण असतं, तेव्हा विदिशाला उतरा. उत्सवाच्या नेमक्या तारखा त्या वर्षी विचारून घ्या. आणि शिल्पं निवांत बघायची असतील तर नेमके तेच दिवस टाळा.

अजून एक गोष्ट: पायथ्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. शुक्रवार वगळून बेत करा.

पोचायचं कसं

सांची मध्य प्रदेशातल्या रायसेन जिल्ह्यात, भोपाळपासून रस्त्यानं पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि विदिशा तिथून जेमतेम दहा किलोमीटर. सांचीला रेल्वे स्टेशन आहे, पण लांब पल्ल्याच्या फार थोड्या गाड्या तिथं थांबतात. म्हणून तिकीट काढताना भोपाळ आणि विदिशा दोन्ही टाकून बघा. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम किंवा गोवा एक्स्प्रेस, गोव्याहूनही तीच गोवा एक्स्प्रेस याच मार्गानं भोपाळवरून पुढे जाते. नागपूरहून इटारसीमार्गे भोपाळला दिवसभर गाड्या आहेत. विदिशाला थांबणारी गाडी मिळाली तर तीच घ्या, पुढचा प्रवास अर्ध्या तासाचा होतो. भोपाळला उतरलात तर नादरा बसस्थानकावरून विदिशाच्या बसगाड्या सुटतात, त्या सांचीवरून जातात. चारचौघं असाल तर गाडी ठरवणं बरं, पण वेळेची बोली आधी स्पष्ट करा.

भोपाळ-सांची रस्त्यावर कर्कवृत्त जिथं रस्ता ओलांडतं तिथं खूण केलेली आहे. मुलं सोबत असतील तर दोन मिनिटं थांबा. भूगोलाच्या पुस्तकातली रेघ पायाखाली आल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

राहायला पर्यटन मंडळाचं निवासस्थान आहे, महाबोधी सोसायटीची यात्रेकरूंसाठीची साधी सोय आहे, आणि बाजारात लहान लॉज आहेत. टेकडीवर खाण्यापिण्याचं काही मिळेल असं धरून चालू नका. पाणी खालूनच भरून न्या.

जायच्या आधी घरी अर्धा तास

दोनशेची नोट काढा आणि उलटी करा. मागच्या बाजूला सांचीचा स्तूपच आहे. घुमटाला म्हणतात अंड. अंड ज्या गोल चौथऱ्यावर बसलं आहे ती मेधी. घुमटाच्या माथ्यावर दगडी कठड्याची चौकोनी जागा दिसते ती हर्मिका, तिच्यातून वर गेलेला दांडा म्हणजे यष्टी, आणि यष्टीवरची एकावर एक तीन छत्रं म्हणजे छत्रावली. खाली सगळ्याला वेढणारा दगडी कठडा ती वेदिका, आणि तिच्या चार दिशांची प्रवेशद्वारं म्हणजे तोरणं. एवढे शब्द मुलांकडून नोटेवरच पाठ करून घ्या. दादरला चैत्यभूमीवर गेलेल्यांना तोरण ओळखीचं वाटेल, कारण तिथलं प्रवेशद्वार सांचीच्याच घडणीचं आहे.

दुसरी तयारी यापेक्षा महत्त्वाची आहे. सांचीच्या तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात कुठंही दिसत नाहीत. ही तोरणं घडली त्या काळातल्या इथल्या शिल्पात बुद्धांना मानवी रूपात दाखवत नसत. त्यांचं असणं खुणांनी सांगितलं जाई. पिंपळाखालचं रिकामं आसन म्हणजे संबोधी. चक्र म्हणजे सारनाथचा पहिला उपदेश. स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण. पावलांचे ठसे, रिकाम्या जागेवर धरलेलं छत्र म्हणजे "ते इथं आहेत". ही चार-पाच चिन्हं ध्यानात नसतील तर तोरणावर नुसती झाडं, माणसं आणि जनावरं दिसतात. असतील तर प्रत्येक चौकटीत तुम्ही आधी ती रिकामी जागा शोधू लागता.

इतिहास थोडक्यात असा. बुद्ध स्वतः सांचीला आल्याची नोंद नाही. लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर यांच्यासारखी ही त्यांच्या जीवनातली जागा नाही. इथला धागा अशोकाचा आहे. त्याची पत्नी देवी विदिशाच्या व्यापाऱ्याची मुलगी, आणि मुलगा महिंद श्रीलंकेला जाण्याआधी आईला भेटायला इथं आला होता, असं श्रीलंकेचा महावंस हा ग्रंथ सांगतो. अशोकानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात विटांचा स्तूप बांधला, तो आजच्यापेक्षा बराच लहान होता. पुढच्या शतकात, शुंगांच्या काळात, त्यावर दगडी कवच चढलं आणि व्यास ३६.६ मीटर झाला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात चार तोरणं उभी राहिली. त्या वेळी या भागावर कोणाची सत्ता होती, ते मराठी माणसानं दक्षिण तोरणाखाली उभं राहून वाचावं. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

पहिली दुपार: संग्रहालय

तिकीटघर पायथ्याशी आहे. भारतीयांना ४० रुपये तिकीट आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ते ऑनलाइनही काढता येतं. दरांत बदल होत असतो, तेव्हा निघण्याआधी एकदा बघून घ्या. स्मारक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडं असतं.

पोचलात त्या दुपारी टेकडीवर घाईनं चढू नका, आधी संग्रहालयात जा. आत शिरताच अशोकस्तंभाचं शीर्ष आहे. पाठीला पाठ लावलेले चार सिंह, खाली चोचीनं टिपणाऱ्या हंसांच्या जोड्या. सारनाथच्या राजमुद्रेचा हा भाऊच. दगडावरची झिलई बघा. बाविसशे वर्षांनंतरही ती बोटाखाली काचेसारखी लागेल असं वाटतं, पण हात लावायचा नाही. या खांबाचा मोठा तुकडा वर दक्षिण तोरणाजवळ अजून रोवलेला आहे, बाकीचे तुकडे शेजारीच ठेवले आहेत. एका जमीनदारानं उसाच्या चरकासाठी तो खांब तोडला, असं इथली जपणूक करणाऱ्या जॉन मार्शल यांनी नोंदवलं आहे. खालचा तुकडा आणि त्याचं शीर्ष एकाच दिवसात पाहिलं की मोडलेला खांब मनात जोडला जातो.

संग्रहालयाला तास-दीड तास पुरे. मग चार वाजता वर जा. गाडीनं वरपर्यंत जाता येतं, पायी चढायला वीसेक मिनिटं लागतात. टेकडी नव्वद मीटरच्या आसपास उंच आहे, चढ सोपा आहे.

पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय

वर पोचल्यावर कुठल्याही तोरणाकडे न थांबता आधी प्रदक्षिणा घाला. तोरणातून आत गेलात की वेदिका सरळ आत सोडत नाही, काटकोनात वळवते. चारही प्रवेश असेच वळणाचे असल्यानं वरून पाहिलं तर स्वस्तिकाचा आकार दिसतो. आत आल्यावर डावीकडे वळायचं, म्हणजे स्तूप आपल्या उजव्या हाताला राहतो. संपूर्ण फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. इतरांना उलट जाताना पाहून तुम्ही वळू नका.

एका बाजूला स्तूपाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला माणसापेक्षा उंच कठडा, असा हा अरुंद गोल रस्ता आहे. बाहेरचं जग आडव्या दांड्यांमधून पट्ट्यापट्ट्यांनी दिसतं. या दांड्यांना सूची म्हणतात. त्यांची टोकं खांबांच्या खाचांत सुतारकामासारखी बसवली आहेत. आधी लाकडात होत असलेलं काम दगडात उतरलं, ते इथं हातभर अंतरावर कळतं. दक्षिणेला मेधीवर चढणारा दुहेरी जिना आहे, वर दुसरा प्रदक्षिणापथ आहे. वर सोडत असतील तर चपला काढून जा.

तीन फेऱ्या घाला. आई पहिल्या फेरीत दार शोधत होती, तिसऱ्या फेरीनंतर तिनं दाराचा विषय काढला नाही.

चार तोरणं, चार वेळा

प्रत्येक तोरण म्हणजे दोन चौकोनी खांब आणि त्यांवर तीन वाकलेल्या तुळया. उंची सुमारे दहा मीटर. पुढून आणि मागून दोन्हीकडे कोरलेलं. म्हणजे बाहेरून बघून झाल्यावर आत जाऊन मागची बाजूही बघायची असते, आणि निम्मे लोक इथंच चुकतात. मान दुखते. घडीची चटई नेऊन थोडं दूर बसून बघा. लहान दुर्बीण असेल तर वरच्या तुळया हाताशी येतात. माझ्या मते दुर्बीण ही इथं कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी वस्तू आहे.

पश्चिम तोरण पहिल्याच संध्याकाळी बघा. खांबांच्या माथ्यावर ढेरपोटे बुटके यक्ष सगळा भार तोलून उभे आहेत. उजव्या खांबावर महाकपी जातक, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांपैकी एका जन्माची गोष्ट, आहे: वानरांचा राजा स्वतःच्या शरीराचा पूल करतो आणि त्याच्यावरून कळप नदीपार होतो. खालच्या तुळईवर सहा सुळ्यांचा छद्दंत हत्ती. हे तोरण आणि दक्षिणेचं तोरण एकोणिसाव्या शतकात जमिनीवर पडलेली होती. १८१८ मध्ये जनरल टेलर यांनी सांचीची नोंद केली तेव्हा तीन तोरणं उभी होती. १८२२ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्यानं आत खजिना असेल म्हणून स्तूपाला वरपासून खालपर्यंत खिंडार पाडलं, आणि त्यात पश्चिम तोरण कोसळलं. आत काहीच नव्हतं. १८८०च्या दशकात मेजर कोल यांनी खिंडार बुजवून पडलेली तोरणं पुन्हा उभी केली आणि १९१२ ते १९१९ या काळात मार्शल यांनी सगळ्या टेकडीला आजचं रूप दिलं. त्या कामाला आणि संग्रहालयाला भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी पैसा पुरवला, हे आवर्जून लक्षात ठेवण्याजोगं आहे.

पूर्व तोरण दुसऱ्या सकाळी, उघडल्या उघडल्या. मधल्या तुळईवर महाभिनिष्क्रमण, म्हणजे सिद्धार्थाचा गृहत्याग, आहे. मी फक्त त्यासाठीसुद्धा परत जाईन. डावीकडे कपिलवस्तू नगर. वेशीतून कंथक घोडा निघतो, त्याच्या पाठीवर कोणी नाही, पण वर छत्र धरलेलं आहे. तोच घोडा पुढे, पुन्हा पुढे, असा चार वेळा. उजव्या टोकाला पावलांचे ठसे आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला सारथी छन्न. मग घोडा परत फिरतो, आणि आता त्याच्यावर छत्र नाही. सिद्धार्थ कुठंही कोरलेला नाही आणि तो कोणत्या क्षणी उतरला ते स्पष्ट दिसतं. याच तोरणाच्या कोपऱ्यात आंब्याच्या फांदीला लटकलेली यक्षी आहे, ती प्रसिद्ध शालभंजिका. सगळे फोटो तिचेच काढतात. तिच्यानंतर खालच्या तुळईवर हत्तीवरून उतरून बोधिवृक्षाकडे निघालेला अशोक आणि त्याची राणी शोधा.

तोरणांवर एक लेख असा आहे: या काकणावाचं दगडकाम जो उखडील किंवा दुसरीकडे नेईल, त्याला पाच महापातकांचं फळ लागेल. काकणाव हे सांचीचं जुनं नाव. एकोणिसाव्या शतकात पूर्वेचं तोरण युरोपात नेण्याचा प्रस्ताव आला होता. शेवटी १८६९-७० मध्ये त्याचे साचे घेतले गेले आणि त्यांवरून केलेल्या प्रतिकृती परदेशी गेल्या. एक लंडनच्या आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेली. बर्लिनला राहणाऱ्या मराठी वाचकांनी जरूर बघावं: तिथं हुंबोल्ट फोरम या संग्रहालयासमोर याच तोरणाची दगडी प्रतिकृती उभी आहे. मूळ तोरण आपल्या जागी आहे.

उत्तर तोरण सर्वांत शाबूत आहे. माथ्यावर मोडकं धर्मचक्र अजून दिसतं. खालच्या तुळईवर वेस्संतर जातक पुढच्या बाजूला सुरू होऊन मागच्या बाजूला पुरं होतं. राजपुत्र पांढरा हत्ती देतो, मग घोडे, मग रथ, मग मुलं, शेवटी पत्नी. गोष्ट घरून वाचून गेलात तर तुम्हाला गाइडची गरज पडणार नाही. खांबाच्या आतल्या बाजूला बूट आणि अंगरखे घातलेले, लांब शिंगं फुंकणारे परदेशी लोक स्तूपाची पूजा करताना कोरले आहेत.

दक्षिण तोरण सर्वांत जुनं. पूर्वी मुख्य प्रवेश इथूनच असे, जिना आणि अशोकस्तंभ याच बाजूला आहेत. वरच्या तुळईवर मधल्या कोरीव स्तूपाच्या घुमटावर ब्राह्मी लेख आहे: "राञो सिरि सातकणिस आवेसनिस वासिठीपुतस आनंदस दानं." राजा श्री सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीपुत्र आनंद, याचं हे दान. आपल्या पैठणच्या सातवाहनांचं नाव माळव्यातल्या तोरणावर, आणि तेही राजानं स्वतः मिरवलेलं नाही. त्याच्या कारागिरानं स्वतःच्या दानाबरोबर घेतलेलं. आईचं नाव आधी लावायची वासिष्ठीपुत्र ही रीत नाशिक-कार्ल्याच्या लेण्यांत आपण पाहिलेली असते. याच तोरणाच्या खांबावर दुसरा लेख आहे, "वेदिसकेहि दंतकारेहि रूपकंमं कतं", म्हणजे विदिशाच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे रूपकाम केलं. एवढी बारीक कलाकुसर दगडात कशी उतरली, त्याचं उत्तर मला त्या एका ओळीत मिळालं. खालच्या तुळईवर अस्थींसाठी कुशीनगरला वेढा घालणाऱ्या राजांची लढाई आहे, तीही सोडू नका.

"दानं" शोधा

तोरणं बघून डोळे थकले की वेदिकेकडे वळा. तिथं शिल्प नाही, पण खांबांवर, सूचींवर आणि उष्णीषावर, म्हणजे कठड्याच्या माथ्यावरच्या दगडी पट्टीवर, बारीक अक्षरं आहेत. शेकडो लेख, आणि बहुतेक एका ओळीचे: अमक्या गावच्या अमक्याचं दान. व्यापारी, विणकर, लेखक, गृहिणी, आणि मोठ्या संख्येनं भिक्षुणी. एकेकानं एकेक दांडा दिला आणि असा हा कठडा उभा राहिला.

यातले कितीतरी लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाच्या लक्षात आलं. हा शब्द "दानं" असावा हे ताडून त्यांनी १८३७ मध्ये ब्राह्मीचं कोडं सोडवायला सुरुवात केली. अशोकाचे लेख जगाला वाचता आले त्यात सांचीच्या या सामान्य दात्यांचा वाटा आहे.

तुम्हालाही हे करता येतं. ब्राह्मीचा "न" सोपा आहे: खाली आडवी रेघ, तिच्या मधोमध उभी काठी. शेजारी टिंब असेल तर "नं". ओळीच्या शेवटी हा आकार दिसला की त्याच्या आधीचं अक्षर "दा". सकाळच्या तिरप्या उन्हात, वेदिकेच्या बाहेरच्या अंगानं चाला. बोट फिरवू नका. बोटाच्या घामानं दगड काळा पडतो आणि हजारो बोटांनी अक्षर पुसलं जातं.

गुप्तकाळातला एक लेख मला या सगळ्यांत जवळचा आहे. हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेनं पाचव्या शतकात संघाकडे बारा दिनार कायमची ठेव म्हणून ठेवले. त्याच्या व्याजातून रोज एका भिक्षूला जेवण द्यायचं. दिव्यांसाठी वेगळे दिनार दिले, त्यातला एक चार बुद्ध बसले आहेत तिथल्या दिव्यासाठी. ते चार बुद्ध आजही स्तूपाला टेकून चारही प्रवेशांसमोर बसलेले आहेत. त्यांच्यापुढून जाताना तो दिवा आठवा.

टेकडीवर आणखी काय

स्तूप क्रमांक ३ थोड्याच अंतरावर आहे, एकच तोरण असलेला. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी या इंग्रज अधिकाऱ्यांना याच्या गर्भात दोन दगडी पेट्या मिळाल्या. दक्षिणेकडची सारिपुत्तांची, उत्तरेकडची महामोग्गल्लानांची. पूर्वेकडे तोंड करून बसलेल्या बुद्धांच्या उजव्या आणि डाव्या हाताला ते दोघे बसत, तीच मांडणी मातीखालीही ठेवलेली. आतल्या डब्यांच्या झाकणांवर शाईनं "सा" आणि "म" एवढीच अक्षरं होती. त्या अस्थी लंडनला गेल्या, १९४७ मध्ये तिथून निघाल्या, आधी श्रीलंकेला पोचल्या आणि १९५२ च्या नोव्हेंबरमध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत चेतियगिरी विहारात ठेवल्या गेल्या.

मंदिर क्रमांक १७ लहान, सपाट छताचं, चार खांबांची ओवरी असलेलं गुप्तकालीन. समोरून पाच मिनिटं बघा. उत्तर भारतातल्या दगडी मंदिरांची सुरुवात अशी साधी होती. शेजारच्या १८ व्या मंदिराचे उंच खांब फोटोत फार छान येतात. विहारांचे चौथरे पटकन बघून पुढे गेलात तरी चालेल.

अशोकस्तंभावरचा लेख मात्र अर्थासह वाचून जा. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूला वा भिक्षुणीला पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर ठेवावं, आणि माझे पुत्र-पणतू राज्य करतील, चंद्रसूर्य असतील तोवर संघ एक राहावा, अशी ती आज्ञा आहे.

स्तूप क्रमांक २ साठी पश्चिमेच्या उतारावरून बरंच खाली जावं लागतं, म्हणून बहुतेक लोक तो टाळतात. टाळू नका. त्याला तोरणं नाहीत, पण वेदिकेवरची कमळं, हत्ती, मकर हे सांचीतलं सर्वांत जुनं कोरीव काम आहे. ते डोळ्याच्या उंचीवर आहे, मान वर करावी लागत नाही. इथं दहा थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, अस्थी मिळाल्या, त्यांत हिमालयात धम्म घेऊन गेलेल्यांची नावं आहेत. मी गेले तेव्हा तिथं फक्त लंगूर होते. वयस्कर माणसांना परतीचा चढ जड जातो. त्यांना वर सावलीत बसवून तुम्ही जाऊन या.

वंदना

स्तूपापाशी त्रिसरण-पंचशील म्हणायला, शांत बसायला काहीच अडचण नाही. मेणबत्ती, अगरबत्ती, तेल मात्र संरक्षित दगडाजवळ नको. धुराची काजळी आणि मेण दगडातून निघत नाही. फुलं, दिवे, दान या सगळ्यासाठी चेतियगिरी विहार आहे. तिथं भन्तेजी असतील तर आधी वंदन करून, थांबून मग विचारा. लाऊडस्पीकरवर बुद्धवंदना लावणारे गट मी पाहिले आहेत. त्यांना मी प्रत्येक वेळी नम्रपणे विनंती केली आणि प्रत्येक वेळी त्यांनी आवाज बंद केला.

उरलेली सकाळ

दुसऱ्या दिवशी नवी तिकिटं काढून पूर्व तोरण आणि वेदिका झाली की दहाच्या सुमारास विदिशाकडे निघा. उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्यांतला भव्य वराह आणि बेसनगरचा हेलिओडोरसचा गरुडस्तंभ, ज्याला गावकरी खामबाबा म्हणतात, दोन तासांत होतात. हा स्तंभ एका ग्रीक राजदूतानं वासुदेवासाठी उभारला, आणि तो सांचीच्या कठड्याच्याच काळातला आहे. स्तूपांचीच ओढ असेल तर विदिशा सोडा आणि भोपाळच्या बाजूला सतधाराला जा. हलाली नदीच्या काठी जंगलात मोठा स्तूप आहे आणि त्याच्याभोवती लहान-लहान स्तूप विखुरलेले आहेत. तिथं दुकानं नाहीत, डबा आणि पाणी सोबत घ्या.

आम्ही त्या सकाळी सतधाराला निघायला उशीर केला. आईला वेदिकेपासून हलवता येईना. उत्तरेच्या बाजूला एका खांबापुढे ती चष्मा पुसून पुसून बघत होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं बोट दगडापासून वीतभर दूर धरलं, आणि ओळीच्या शेवटची आडवी रेघ, उभी काठी आणि टिंब मला दाखवलं.